आनंदीबाईंचा अर्ज : एकच मागणी, दोन पत्रं

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण त्यात लढाई नाही, तह नाही, किल्ला नाही. एक अर्ज आहे. नोकरीच्या किंवा ॲडमिशनच्या फॉर्मच्या शेवटी एक रिकामी चौकट असते बघा. 'स्वतःबद्दल लिहा, तुम्हाला इथे का यायचं आहे ते सांगा.' त्यालाच पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. त्या चौकटीसमोर भल्याभल्यांची बोटं थांबतात. एरवी दिवसभर कोड लिहिणारा माणूस तिथे दहा ओळी लिहू शकत नाही.

मी नागपुरात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. भरतीच्या दिवसांत फ्रेशर्सचे अर्ज चाळायचं काम आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडतं. बहुतेक अर्जांची सुरुवात सारखीच असते. उमेदवार ध्येयवेडा असतो, मेहनती असतो, लवकर शिकणारा असतो, टीममध्ये मिसळणारा असतो. वरचं नाव झाकलं तर अर्ज वर्ध्याच्या पोराचा आहे की गोंदियाच्या पोरीचा, काही पत्ता लागत नाही. आता तर एआयला सांगितलं की दहा सेकंदांत तयार. व्याकरण एकदम चोख, आणि आत माणूस नाही.

म्हणून आज एका मराठी मुलीचा अर्ज घेऊन आलोय. तारीख २८ जून १८८३. लिहिणारीचं वय अठरा. अर्ज अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजला. तो मूळ कागद आजही फिलाडेल्फियात, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे. लिहिणारीचं नाव आनंदीबाई जोशी.

आता तुम्ही म्हणाल, आनंदीबाई तर आम्हाला माहीत आहेत. शाळेत धडा होता, श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, २०१९ साली सिनेमाही आला. खरं आहे. पण त्या सगळ्यात आपण गोष्ट बघतो, अर्ज बघत नाही. आणि एक गंमत सुटते. ही मागणी अमेरिकेकडे दोनदा गेली होती. पहिल्यांदा पत्र नवऱ्याने लिहिलं, दुसऱ्यांदा तिने स्वतः. पहिल्या पत्राला नकार आला, दुसऱ्याला प्रवेश मिळाला. मधली पाच वर्षं म्हणजे आजचा आपला विषय.

पहिलं पत्र

गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. पोस्टाची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि शेवटी थेट बंगाल. पहिली बायको वारल्यावर त्यांचं दुसरं लग्न झालं ते कल्याणच्या यमुनाशी. ती नऊ वर्षांची, ते तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांनी तिचं नाव आनंदी ठेवलं आणि तिला शिकवायचंच असा हट्ट धरला.

हट्ट हा शब्द मी सांभाळून वापरतोय. बायकोला शिकवणारा नवरा म्हणून आपण गोपाळरावांचं कौतुक करतो, आणि त्या काळात ते सोपं नव्हतंच. पण पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनीच त्यांना आठवण करून दिली आहे, की दहा-बारा वर्षांच्या वयात मी तुमच्या हातचा मार खाल्ला, फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर घेतली. इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगावं लागतं.

कोल्हापुरात असताना, १८७८ च्या सुमारास, गोपाळरावांनी अमेरिकन मिशनमार्फत एक पत्र पाठवलं. ते पोचलं रॉयल वाइल्डर यांच्याकडे. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनरी होते आणि तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टनहून मिशनरी कामाचं मासिक चालवत होते. पत्रात मागण्या दोन. माझ्या बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे, आणि तिच्याबरोबर मी आलो तर मला तिथे साजेशी नोकरी मिळेल का?

म्हणजे मंडळी, आपल्या भाषेत हे कव्हर लेटरच झालं! आता अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेने बघा. शिकायचं कुणाला? बायकोला. लिहितंय कोण? नवरा. वाचणाऱ्याने करायचं काय? एकीच्या शिक्षणाची सोय आणि दुसऱ्याच्या पोटाची सोय. आणि जिने पुढे तीन वर्षं तिथे राहून अभ्यास करायचा, तिचा आवाज पत्रात कुठेच नाही.

वाइल्डर यांनी उत्तरात ख्रिस्ती होण्याची गोष्ट पुढे केली. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. विषय तिथेच संपला. वाइल्डर यांनी मात्र हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

आणि इथे नशिबाने एक वळण घेतलं. १८८० साली न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर मासिक पडलेलं. त्यांनी ते चाळलं, हा पत्रव्यवहार वाचला आणि घरी येऊन पत्र लिहायला घेतलं. गोपाळरावांचं पत्र ज्याला लिहिलं त्याच्यापुढे फसलं, आणि ज्यांना लिहिलंच नव्हतं त्यांनी ते उचलून धरलं.

मधली तीन वर्षं

कार्पेंटरबाई आणि आनंदीबाई यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. आपले सण, आपलं खाणंपिणं, बालविवाह, बायकांची दुखणी, असं बरंच काही या पत्रांतून गेलं. माझ्या मते त्या अर्जाची खरी तयारी इथे झाली. समोरच्या माणसाला आपलं जग अजिबात माहीत नाही, त्याला ते त्याच्या भाषेत, न चिडता, न लाजता सांगायचं. ही सवय एका रात्रीत लागत नाही. अर्जाची शेवटची तारीख उद्या आणि आपण आज रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडतो, तेव्हा नेमकी हीच सवय नसते.

याच काळात तब्येत साथ देत नव्हती. अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनच ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली, त्यांचाही उपयोग झाला नाही. याआधी वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. बाळंतपणात, आजारपणात बाईला बाईडॉक्टर मिळत नाही म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

मग आला २४ फेब्रुवारी १८८३ चा दिवस. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं श्रीरामपूर, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. विषय : मी अमेरिकेला का जाते. हे भाषण म्हणजे अर्जाचा पहिला खर्डा समजा. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत विचारत होते, ते त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? काही संकट आलं तर? आणि शेवटचा : आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तू का करणार?

सहाच्या सहा प्रश्न अडचणीचे. आपण अर्जात काय करतो? अडचणीचा प्रश्न समोरच्याला सुचू नये म्हणून देवाला हात जोडतो. त्यांनी तो आधी स्वतः विचारला आणि मग उत्तर दिलं. मद्रासला बायकांना वैद्यकीय शिक्षण मिळतं, सुइणींचे वर्ग ठिकठिकाणी आहेत, हे त्यांनी नाकारलं नाही. ते शिक्षण अपुरं का पडतं, ते सांगितलं. बंगालात रस्त्याने चालताना लोक कसे टोचून बोलतात, टक लावून बघतात, तेही सांगितलं. आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, हे ठणकावलं. वाइल्डर यांच्या अटीला हे भर सभेत दिलेलं उत्तरच होतं.

भाषणाची बातमी पसरली, मदत येऊ लागली. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. नवरा बरोबर नाही. ४ जूनला न्यूयॉर्क. बंदरावर कार्पेंटरबाई हजर. कालमान कळावं म्हणून सांगतो, त्याच वर्षी आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झालं. नागपूर विद्यापीठाला अजून चाळीस वर्षं होती.

दुसरं पत्र

अमेरिकेत उतरून महिना व्हायच्या आत, २८ जूनला, आनंदीबाईंनी 'वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'चे एक पदाधिकारी अल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलं. हे कॉलेज १८५० साली निघालेलं, खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी. डीन होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक.

त्या पत्राचं कलम उलगडून बघू. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.

सुरुवातीला हिशोब : माझं वय इतकं, मी अमुक शिकले, मला सात भाषा येतात. फुशारकी नाही, नम्रतेचं नाटकही नाही. जे आहे ते.

मग, आणि हीच माझी सगळ्यात आवडती जागा आहे, त्या सरळ सांगतात की तुमच्या प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही. माझी गोष्ट वेगळी आहे, ती वेगळी म्हणूनच बघा. उणीव लपवली नाही आणि तिच्याबद्दल रडगाणंही नाही.

पुढे त्या उणिवेसमोर वजन काय ठेवायचं? गुणपत्रिका नव्हती. मग त्यांनी केलेली गोष्ट ठेवली. आप्तांचा आणि जातीचा विरोध असताना मी तुमच्या देशात येऊन पोचले, ज्या निर्धाराने आले तोच मला अभ्यासातही उपयोगी पडेल. बघा, 'मी जिद्दी आहे' असं म्हणावंच लागलं नाही. कलकत्ता ते न्यूयॉर्क हा प्रवासच पुरावा होता.

त्यानंतर कारण. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे. हे कारण कुणापुढे मांडलंय तेही बघा. ज्या कॉलेजचा जन्मच बाईला डॉक्टर करायला झाला, त्याच्यापुढे. वाइल्डर यांच्याकडे गेलेली मागणी त्यांच्या उद्देशात बसत नव्हती, त्यांना धर्मांतर हवं होतं. इथे मागणारीचा हेतू आणि देणाऱ्याचा हेतू एकाच रस्त्यावर आले.

शेवटी मागणी. मला व्यक्तिशः स्वतःसाठी काही नको. या कामासाठी मला तयार व्हायला जे लागेल तेवढं द्या. तुम्ही नाही तर जे कॉलेज दार उघडेल तिथे. एवढंच.

कॉलेजने दार उघडलं, आणि आर्थिक मदतही दिली.

तीस वर्षांनी असाच एक कागद मद्रासहून केंब्रिजला गेला. १६ जानेवारी १९१३ ला श्रीनिवास रामानुजन यांनी प्रोफेसर हार्डी यांना पत्र लिहिलं. त्यात पहिल्याच ओळींत काय? मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशोब विभागात कारकून आहे, पगार थोडका आहे, विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही. आणि त्याखाली पानंच्या पानं गणित. याआधी केंब्रिजच्या दोन गणितज्ञांकडून हाती काही लागलं नव्हतं. हार्डींनी ओळखलं. इथेही तेच : कमी आहे ते आधी सांगितलं, आणि मग विशेषणं न लावता काम समोर ठेवलं.

कागदाच्या पलीकडे

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हा भाग मोटिव्हेशनल रील होऊन जाईल. नुसत्या पत्राने काही झालं नाही. कार्पेंटरबाईंचं घर होतं, त्यांची शिफारस होती. गोपाळरावांची पगाराची नोकरी होती, मिशनऱ्यांशी ओळख होती, आणि ब्राह्मण घरातली मुलगी असल्याने निदान अक्षरओळखीपर्यंत पोचण्याची वाट होती. त्याच काळात ती वाटही नसलेल्या किती मुली कोल्हापुरात, कल्याणात, आपल्या विदर्भात असतील. त्यांचे अर्ज कुठल्याच संग्रहात नाहीत, कारण ते लिहिलेच गेले नाहीत.

आणि एक ओळ मला या पत्रात टोचते. माझी तब्येत चांगली आहे, असं त्यांनी लिहिलंय. आजारपण मागे होतं, पुढेही येणार होतं. पण अर्जात आजाराला जागा नव्हती. आजही नाही.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. ज्या गावातून पहिलं पत्र गेलं होतं, त्याच गावातून आता डॉक्टर म्हणून बोलावणं आलं. पण क्षयाने गाठलं. त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात एकही दिवस काम करायला मिळालं नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यात, पकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

मग आपण काय लिहायचं?

हे सगळं मला आताच का आठवलं, ते सांगतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे, हिंगणघाटकडची, बीई झालेली. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन नागपूरला यायचं, भाऊ लहान. दोन वर्षं नोकरी नाही. आता ती अर्ज करते आहे. तिने मला तिचं स्टेटमेंट वाचायला पाठवलं. त्यात ती दोन वर्षं गायबच. त्याजागी एआयने लिहिलेलं होतं की या काळात तिने 'आपली कौशल्यं धारदार केली'.

मी तिला फोन केला. म्हटलं, 'तू त्या दोन वर्षांत केलं काय नेमकं?' ती म्हणाली, 'काय करणार दादा, बसमध्ये बसून मोबाईलवर शिकायची. बाबांच्या रिपोर्टचे आकडे ठेवायला एक छोटं ॲप बनवलं, दवाखान्यात बाजूच्या दोघा-तिघांनी पण मागितलं माझ्याकडून.' मी म्हटलं, 'हेच लिही ना मग!' तर म्हणते, 'हे काय लिहायचं? हे तर घरचं आहे. आणि गॅप दिसला तर अर्ज बाजूलाच टाकतील.'

टाकतीलही काही जण. मी तिला खोटी खात्री दिली नाही. पण गॅप तर तारखांत दिसतोच. तो भरायला आपण गुळगुळीत वाक्य टाकतो, तेव्हा वाचणाऱ्याला गॅपही दिसतो आणि वाक्याची पोकळीही. त्यापेक्षा एका ओळीत कारण, आणि दुसऱ्या ओळीत त्या काळात केलेलं काम. तिच्याकडे दाखवायला ॲप आहे. आनंदीबाईंकडे समुद्रप्रवास होता, रामानुजन यांच्याकडे गणिताची पानं. पुरावा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणूनच तो दुसऱ्याला लिहिता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिलं पत्र आणि दुसरं पत्र यांतला फरक भाषेचा नव्हता. इंग्रजी तर गोपाळरावांनाही येत होतं, आणि आनंदीबाईंना ते शिकवलं त्यांनीच. फरक लेखणी कुणाच्या हातात होती याचा होता. ज्याला काम करायचं आहे त्यानेच मागणी लिहिली, की त्याला आपली उणीव माहीत असते, कारण माहीत असतं, आणि नेमकं किती मागायचं तेही माहीत असतं. दुसरा कुणीही, मग तो नवरा असो, सिनिअर असो की एआय, फार तर शुद्धलेखन तपासू शकतो. ते तपासून घ्याच, त्यात कमीपणा नाही. पण तुम्ही काय केलंत, काय येत नाही आणि कशासाठी हवंय, या तीन ओळी तुमच्याच.

त्या मुलीने काल रात्री दुसरा खर्डा पाठवला. पहिल्या ओळीत हिंगणघाट-नागपूर बस आहे. दोन ठिकाणी व्याकरण चुकलंय. तेवढंच दुरुस्त करून परत पाठवतोय.

तर मंडळी, आजच्या भागात इतकंच. तुमच्या घरात आजी-आजोबांनी लिहिलेला एखादा जुना नोकरीचा अर्ज ट्रंकेत पडलेला असेल, तर काढून वाचा. त्यात त्यांनी स्वतःबद्दल काय लिहिलंय ते बघा. भेटू पुढच्या भागात.